नानचांगची दिवाळी

२१ ऑक्टोबर २००६. दिवाळीची पहाट. चीनच्या जियांगशी प्रांताची राजधानी असलेल्या नानचांग शहरात, एका हॉटेलच्या अकराव्या मजल्यावर, सोलापूरची एक सून निर्वाणलाडू मांडीत होती. पाट नव्हता, म्हणून प्रवासाची बॅग आडवी ठेवून तिच्यावर धुतलेला रुमाल अंथरला होता. लाडू न्यू जर्सीहून डब्यातून आलेला, वाटेत एका बाजूने चेपलेला. खोलीच्या छताला धुराची सूचना देणारे यंत्र असल्याने दिवा लावणे शक्य नव्हते. तिने मेजावरची वीज मंद केली, हलक्या आवाजात णमोकार मंत्र म्हटला आणि मागे वळून पाहिले. पलंगालगतच्या पाळण्यात अकरा महिन्यांची एक मुलगी जागी होती. ती रडत नव्हती. दाराकडे पाहत होती.

गेले पाच दिवस ती अशीच दाराकडे पाहत होती.

दत्तकाचे कागद मंगळवारीच पुरे झाले होते. कायद्याने मुलगी त्या दांपत्याची झाली होती. पण तिला देशाबाहेर नेण्यासाठी तिचा चिनी पासपोर्ट हवा होता, आणि तो तयार होण्यास आठवडाभर लागे. त्यानंतर दक्षिणेला ग्वांगझौ येथे जायचे; कारण चीनमधून दत्तक गेलेल्या मुलांना अमेरिकेचा व्हिसा तेथील वकिलातीतूनच मिळत असे. तोवर दुसरे काही काम नव्हते. दोन माणसे, एक मूल, एक खोली, आणि ज्याची भाषा कळत नाही असे एक शहर.

तसे पाहता त्यांचे वाट पाहणे नऊ वर्षांचे होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षे डॉक्टरांच्या दारात गेली. मग दत्तकाचा विचार आला. भारतातूनच का नाही, हा प्रश्न सोलापुरातून वारंवार येई. त्यांनी प्रथम तेथेच विचारले होते. दोन ठिकाणी कागद अडले, वर्षे सरली. चीनची वाट त्या काळी लांब असली तरी ठरलेली होती. चीनने आपला दत्तक कायदा १९९२ पासून लागू केला होता, आणि २००५ या एका वर्षात जवळजवळ आठ हजार चिनी मुले अमेरिकेतील घरांत गेली होती. त्यांतील बहुतेक मुली होत्या. अर्ज गेल्यावर वर्षाहून अधिक काळ काहीच कळले नाही. मग एक दिवस पाकीट आले. त्यात एक छोटे छायाचित्र, वजन-उंचीचा तक्ता, आणि ‘हे मूल तुम्हांला मान्य आहे काय’ असे विचारणारा कागद होता.

सोलापूरच्या घरी कापडाची पेढी. सासरे, ज्यांना सगळे घर अण्णा म्हणे, त्या गादीवर पन्नास वर्षे बसलेले. छायाचित्र पाहून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलाला फोनवर म्हणाले, “दत्तकच घ्यायचं तर धाकट्याचा मुलगा आहे की. रक्त तरी घरचं राहील.”

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता. खरे तर जैन परंपरेत दत्तकाचा प्रश्न मोकळा होता. श्राद्ध आणि पिंडदान जैन मानत नाहीत. त्यामुळे पितरांच्या उद्धारासाठी पुत्र हवाच, अशी धार्मिक निकड दत्तकामागे कधी नव्हती. जैनांमध्ये दत्तक हा ऐहिक व्यवहार असून जैन विधवेला पतीच्या आज्ञेवाचूनही दत्तक घेता येते, ही रूढी प्रिव्ही कौन्सिलने १८७८ साली मान्य केली होती. पण धर्माने मोकळे ठेवलेले दार व्यवहाराने अरुंद केले. दत्तक येई तो मुलगाच, बहुधा भावकीतला, आणि येई तो पेढी व आडनाव चालवण्यासाठी. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू झाला आणि मुलगी दत्तक घेण्याची वाट खुली झाली. कायदा एका दिवसात लागू होतो. गादीवरचा विचार त्यामानाने सावकाश बदलतो.

सोमवारी दुपारी एका सरकारी कार्यालयात दहा कुटुंबे ओळीने बसली होती. अनाथालयातून आलेल्या बायका एकेक मूल घेऊन आत येत आणि नाव पुकारले जाई. यांचे नाव आले तेव्हा कपड्यांचे तीन थर चढवलेली एक मुलगी समोर आली. आणणाऱ्या बाईने तिच्या कानाशी काही म्हटले, आपल्या सदऱ्यात अडकलेली तिची मूठ सोडवली आणि ती मागे सरली. मुलीने हंबरडा फोडला नाही. ती गप्प झाली. तिचे हे गप्प होणे नव्या आईला रडण्याहून जड गेले.

नियमाप्रमाणे पहिले चोवीस तास मूल नुसते सोबत राहायला दिले जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कार्यालयात जायचे आणि अधिकारी विचारणार : या मुलावर तुम्ही समाधानी आहात काय? तो प्रश्न ऐकून पतीच्या चेहऱ्यावर क्षणभर दुकानातला भाव आला. सोलापुरात साडी घरी नेऊन दाखवण्यासाठी गिऱ्हाइकाला एक रात्र दिली जाते, तशी ही रात्र होती. त्याने मान खाली घालून सही केली. मुलगी आपल्याला पसंत करील काय, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली. मुलीला मांडीवर घेऊन ती स्वतःच्या छातीवर बोट ठेवीत म्हणाली, “आई. मी आई.” मुलीने चटकन मान वळवली आणि दाराकडे पाहिले. पुन्हा म्हटले, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी दुभाषी मुलीला विचारल्यावर उलगडा झाला. चिनी भाषेत ‘आयी’ म्हणजे मावशी. अनाथालयात सांभाळणाऱ्या बायकांना मुले हेच म्हणतात. नऊ वर्षे जो शब्द ऐकण्याची वाट पाहिली, तो शब्द मुलीला आधीच ठाऊक होता. आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी होता. पतीने सुचवले, “मम्मी म्हणायला शिकवू.” ती काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने मुलीपुढे तो शब्द उच्चारणे थांबवले. ज्या शब्दाने आशा लागते आणि दार उघडत नाही, तो शब्द मुलापुढे पुन्हापुन्हा कशासाठी म्हणायचा?

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत ते तिघे शहर पाहत फिरले. सकाळी चौकात म्हाताऱ्या बायका ओळीने उभ्या राहून संथ व्यायाम करीत. गान नदीच्या काठावर थंगवांग नावाचा प्रसिद्ध मनोरा आहे. सातव्या शतकात प्रथम उभारलेला, अनेकदा जळालेला-पडलेला, आणि १९८९ मध्ये पुन्हा नव्याने बांधलेला. पुन्हापुन्हा बांधलेल्या वास्तूलाही लोक जुन्याच नावाने जुनीच म्हणतात, हे तिच्या लक्षात राहिले.

रस्त्यात मात्र लोक मनोऱ्यापेक्षा त्यांच्याचकडे अधिक पाहत. गोऱ्या आईबापांच्या कडेवर चिनी मूल ही गोष्ट नानचांगला नवी नव्हती. पण हे दोघे सावळे, आणि तिच्या कपाळावर टिकली. आज्या न विचारता जवळ येत, मुलीची पावले चाचपत, आणि मोजा एकच आहे हे दिसले की रागावत. भाषा कळत नसली तरी राग कळे. सोलापुरातल्या आज्याही बाळाला टोपडे नसले की अगदी अशाच रागावतात. तिसऱ्या दिवसापासून तीही मुलीला मोज्यांचे दोन जोड घालू लागली. एक आजी दुभाषीमार्फत म्हणाली, “नशीबवान आहे पोर.” ती म्हणाली, “नशीबवान आम्ही.” आजीने मान हलवली, पण ती होकाराची होती की नकाराची, हे समजले नाही.

खाण्याची पंचाईत होईल असे वाटले होते. ठेपले आणि खाकरे बरोबर होतेच. पण ती शिदोरी किती दिवस पुरणार? दुभाषीने एक शब्द शिकवला : ‘सू’. म्हणजे शाकाहार. “मी सू खाते,” एवढे म्हटले की माणसे अदबीने ऐकत. शहरातल्या बौद्ध विहाराजवळ एक लहान खाणावळ सापडली. तेथे कांदा नव्हता, लसूण नव्हता. चिनी बौद्धांच्या शुद्ध शाकाहारात पाच उग्र पदार्थ वर्ज्य असतात, आणि कांदा-लसूण त्यांत येतात. परक्या देशात आपलाच नियम पाळणारे स्वयंपाकघर पाहून तिला फार हायसे वाटले. पण त्याच पाच पदार्थांत हिंगही आहे. कांदा-लसणाच्या जागी ज्या हिंगावर जैन घरचे वरण उभे असते, तो हिंग तेथे वर्ज्य. आणि कमळाचा कंद, मुळा हे जैनांना वर्ज्य असलेले पदार्थ तेथील ताटात निःशंक. संयम दोन्हीकडे आहे, रेषा निरनिराळ्या ठिकाणी ओढली आहे. अनेकान्ताची व्याख्याने तिने लहानपणापासून ऐकली होती. त्याचा अर्थ त्या ताटासमोर जरा अधिक कळला.

मुलीने प्रथम आपखुशीने खाल्ले ते तांदळाची पेज. चिनी लोक तिला ‘झोउ’ म्हणतात, पण ती पेजच. सूर्यास्तापूर्वी स्वतःचे जेवण उरकणारी आई मध्यरात्री दोन वाजता उठून मुलीसाठी दुधाची बाटली तयार करी. अंधारात बाटली ओढण्याचा आवाज येई, आणि मुलीचा एक हात बाटलीवर व दुसरा आईच्या बोटाभोवती असे. दिवसा मात्र ती तिच्याकडे पाहत नसे.

मुलीच्या धारिकेत तिच्या आयुष्याची सुरुवात दोन ओळींत लिहिली होती. अमुक तारखेला, पहाटे, बाजाराच्या दाराशी सापडली. अंगावर दुपट्याचे दोन थर. आत जन्मतारखेची चिठ्ठी. आईबापांचा पत्ता नाही. चीनमध्ये मूल सोडून जाणे हा गुन्हा होता, म्हणून ते गुपचूपच होई आणि मागे नाव उरत नसे.

त्या दोन ओळी तिने इतक्या वेळा वाचल्या की कागदाची घडी फाटू लागली. प्रत्येक वेळी तिच्या मनात एकच शब्द येई : टाकली. एका रात्री तो कागद पतीने हातात घेतला. लहानपणी तो अण्णांबरोबर पहाटे बाजारात जात असे. तो म्हणाला, “बाजाराचं दार पहाटे कधी ओस नसतं. दुकानं उघडायच्या आधी भाजीवाले, हमाल, गाडीवाले येतात. पहिला माणूस दहा मिनिटांत यावा, अशी ही जागा आहे. कुणी लपून बघतही असेल. हिला टाकलेलं नाही, ठेवलेलं आहे.”

व्यापाऱ्याच्या घरात ‘ठेव’ या शब्दाचे वजन निराळे असते. ठेव आपल्या पेढीत असते, पण आपली नसते. ती सांभाळायची असते, आणि ठेवणारा कधीही दारात उभा राहू शकतो हे धरून वही लिहायची असते.

ज्या देशात आई असे करते तो देश कसला, असा प्रश्न सोलापुरातल्या नातेवाइकांनी विचारला होता. नानचांगमध्ये बसून त्याचे उत्तर सोपे राहिले नाही. एकच मूल असा दंडक १९८० च्या सुमारास आला. पुढे पुष्कळ प्रांतांत खेड्यातील जोडप्यांना, पहिली मुलगी झाल्यास, आणखी एका मुलाची परवानगी मिळाली. म्हणजे दुसरीही मुलगीच झाली की मुलाची वाट कायमची बंद. दंड भारी, म्हातारपणाचा आधार मुलगाच, आणि घराचे नावही त्याचेच. अशा घरांतल्या मुली बाजाराच्या, इस्पितळाच्या, अनाथालयाच्या दारांशी पोहोचत.

आणि भारतात असा कोणताच दंडक नव्हता. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली ९२७ होत्या. जैन समाजात त्याच वयोगटात ८७०. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणारा, पाणी गाळून पिणारा, शिकलासवरलेला, सुस्थितीतला समाज. आणि हा आकडा. नानचांगच्या मुलीला निदान दुपट्याचे दोन थर आणि बाजाराचे दार मिळाले होते. त्या आकड्यातल्या मुली कोणत्याच दारापर्यंत पोहोचल्या नाहीत. अकराव्या मजल्यावरच्या त्या खोलीत चीनकडे बोट दाखवणे तिला नंतर कधी जमले नाही.

पैशाचीही एक गोष्ट होती, आणि ती तिच्या मनातून जात नव्हती. अनाथालयाला द्यायची देणगी त्या काळी तीन हजार डॉलर ठरलेली होती. नोटा कोऱ्या हव्यात, अशी सूचना आधीच आली होती. पतीने त्या अंगठ्याने सरकवीत मोजून दिल्या, पावती मागितली, पावती मिळाली. व्यवहार चोख झाला. पण २००५ च्या अखेरीस शेजारच्या हुनान प्रांतातल्या काही अनाथालयांनी दलालांकडून मुले विकत घेतल्याचे उघडकीस आले होते, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी काहींना शिक्षाही झाल्या होत्या. व्यापाऱ्याच्या सुनेला हे समजावून सांगावे लागत नाही, की जेथे मागणी असते आणि भाव ठरलेला असतो तेथे माल आणून देणारा कोणीतरी उभा राहतोच. ‘माल’ हा शब्द मनात आला याचीच तिला लाज वाटली. तिने दुभाषीला विचारले; दुभाषीने तिच्या जवळचे कागद दाखवले. कागद व्यवस्थित होते. शंका पुरती गेली नाही. ती घेऊनच जगावे लागेल, हे तिने स्वतःशी कबूल केले.

दिवाळीच्या रात्री दहाच्या सुमारास फोन वाजला. सोलापुरात साडेसात वाजले होते. पेढीवर वहीपूजन नुकतेच झाले होते. वीर निर्वाण संवत २५३३ सुरू झाले होते. मागे फटाक्यांचा आवाज येत होता. अण्णा नेहमीप्रमाणे प्रथम मुलाशी बोलले. हवा कशी, खाण्याचे कसे, पासपोर्ट कधी. मग म्हणाले, “सूनबाईला दे.”

त्या घराची एक रीत होती. घरात मूल आले की पुढच्या वहीपूजनाच्या दिवशी नव्या वहीत त्याच्या नावे सव्वा रुपया जमा करायचा. अण्णांच्या स्वतःच्या नावे तो त्यांच्या आजोबांनी जमा केला होता. अण्णा म्हणाले, “मुलीचं नाव काय ठरलं? वही उघडी ठेवून बसलोय.” तिने नाव सांगितले. पलीकडे लेखणी चालल्याचा आवाज येणे शक्य नव्हते, पण तिला तो आल्यासारखा वाटला. मग ते थांबले. “जमा लिहिली. पण हस्ते कोणाच्या लिहू?”

रक्कम कोणाच्या हातून पेढीत आली, ते ‘हस्ते’ या शब्दापुढे लिहायचे, हा जुन्या वहीचा शिरस्ता. घरातल्या मुलांच्या बाबतीत तेथे आईचे नाव असे. ती म्हणाली, “माझं नाव लिहू नका, अण्णा. माझ्या हातून नाही आली ती.”

बराच वेळ फक्त फटाके ऐकू आले. मग अण्णा म्हणाले, “बरं. जागा कोरी ठेवतो.” आणि नेहमीच्या आवाजात पुढे म्हणाले, “पोरीला थंडीत नीट गुंडाळत जा.”

रक्ताची गोष्ट त्यांनी त्यानंतर काढली नाही.

पुढच्या आठवड्यात पासपोर्ट हाती आला आणि ते ग्वांगझौला पोहोचले. तेथे दत्तकाची कुटुंबे उतरत ती शामियन नावाच्या लहानशा बेटावर. पर्ल नदीतले हे बेट अफूच्या दुसऱ्या युद्धानंतर इंग्रज आणि फ्रेंच यांनी आपसांत वाटून घेतलेले. वडाची झाडे आणि युरोपी धाटणीच्या इमारती अजून तशाच. त्या युद्धांमागच्या अफूतील मोठा वाटा माळव्याचा होता आणि तो मुंबई बंदरातून जाई. मुंबईचे कितीतरी शेठ त्या व्यापारात होते. हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचे या शहराशी देणे-घेणे असे जुने आहे, आणि त्याच्या साऱ्या नोंदी अभिमानाच्या नाहीत.

त्याच आठवड्यात ग्वांगझौची प्रसिद्ध व्यापारी जत्रा चालू होती. १९५७ पासूनच्या क्रमातली ती शंभरावी. हॉटेलांचे दर वाढलेले, खोल्या मिळेनाशा. सकाळच्या न्याहारीला एका बाजूला नमुन्यांच्या पिशव्या घेतलेले व्यापारी, आणि दुसऱ्या बाजूला चिनी मुली मांडीवर घेतलेले अमेरिकी आईबाप. नदीकाठच्या व्हाइट स्वान हॉटेलात दत्तक कुटुंबांना एक बाहुली भेट मिळे : सोनेरी केसांची गोरी आई, आणि तिच्या कडेवर चिनी बाळ. यांच्या मुलीनेही ती हातात घेतली, बाळ ओढून काढले, ते तोंडात घातले, आणि आईला जमिनीवर टाकून दिले. पती हसला. ती मात्र बाहुली उचलून पाहत राहिली. या गोष्टीत आपल्यासारख्या आईचे चित्र नाही, आणि बाजाराच्या दारातल्या आईचे तर मुळीच नाही, असे तिला वाटले.

न्याहारीच्या मेजावर मराठी बोलणे ऐकून शेजारचे एक गृहस्थ वळले. महाराष्ट्रातलेच, जत्रेसाठी आलेले, यंत्रांच्या सुट्या भागांचे व्यापारी. फळे आणि पाव एवढेच त्यांच्या ताटात होते. गाव, आडनाव, पेढी अशी ओळख निघाली. मग त्यांनी सहज विचारले, “तुमची खरेदी कशाची?”

पतीने मुलीकडे पाहिले. गृहस्थांनीही पाहिले, आणि मग त्यांना उमगले. पण विचारायची सवय अशी, की पुढचाही प्रश्न निघूनच गेला. “एकूण किती पडली?”

नऊ वर्षांपूर्वी ती चिडून उठली असती. आता तिला त्या प्रश्नात अपमान दिसला नाही. कोऱ्या नोटा मोजल्या गेल्या तेव्हा तिनेही स्वतःला तेच विचारले होते. ती म्हणाली, “हिशेब अजून लागला नाही, काका. लागेल असं वाटतही नाही.”

ते ओशाळले. चहा थंड होईपर्यंत गप्प बसले. मग मुलीकडे पाहत हळू म्हणाले, “मला दोन मुलगे. तिसऱ्या खेपेला…” आणि ते वाक्य त्यांनी पुरे केले नाही. उठताना त्यांनी पिशवीतून खाकऱ्याचे एक पुडके काढून मेजावर ठेवले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते जत्रेकडे निघून गेले.

वकिलातीत तीस-चाळीस कुटुंबांनी एकत्र उभे राहून, उजवा हात वर करून, दिलेली माहिती खरी असल्याची शपथ घेतली. तिने हात वर केला तेव्हा मुलगी दुसऱ्या हातावर झोपली होती. खरे म्हणून सांगता येण्याजोगे सगळे कागदावर होते. जे कागदावर नव्हते त्याची शपथ कोणी मागितली नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री, नेहमीप्रमाणे दोन वाजता, मुलगी उठली. आई बाटली घेऊन आली. मुलीने दाराकडे पाहिले नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आयी.” त्या शब्दाचा अर्थ मावशी होता की आई, हे ठरवण्याचा तिने प्रयत्न केला नाही. ज्या बाईची मूठभर सदऱ्याची चुण त्या दिवशी सुटली, तिचाही तो शब्द होता; तो आता आपल्याकडे ठेवायला मिळाला आहे, एवढेच तिने मानले. तिने ओ दिली.

या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. चीनने एकच मुलाचा दंडक २०१६ च्या आरंभी मागे घेतला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी दत्तकही, परदेशातील जवळच्या नात्यातल्यांचा अपवाद वगळता, बंद केले. १९९२ पासून दीड लाखाहून अधिक मुले चीनबाहेर गेली होती. त्यांतली कित्येक आता तरुण आहेत, आणि काही जण आपल्या जन्मदात्यांचा शोध घेत आहेत.

अण्णा आज नाहीत. पेढीचे हिशेब संगणकावर गेले, पण लाल कापडाच्या जुन्या वह्या सोलापूरच्या घरी माळ्यावर बांधून ठेवल्या आहेत. गेल्या भेटीत मुलीने संवत २५३३ ची वही काढायला लावली. मराठी ती अडखळत वाचते. पहिल्याच पानावर तिचे नाव, पुढे ‘जमा रु. १।’, आणि त्यापुढे ‘हस्ते’ असे लिहून सोडलेली जागा. अण्णांनी एरवी उभ्या आयुष्यात वहीत जागा सोडली नव्हती.

“इथे काय लिहायचं होतं?” तिने विचारले.

आईने सांगितले. बाजाराच्या दाराची गोष्ट तिला ठाऊक होती. वहीतल्या या जागेची नव्हती. ती बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने वही मिटली, कापडात पूर्वीसारखी बांधली, आणि म्हणाली, “राहू दे तशीच. नाव कळलं तर मी लिहीन.”